बेटाचा रस्ता आणि बडेसाबांची गाडी

समजा, तुम्हाला बैलगाडीतून मुरूम न्यायचा आहे. गाडी काठोकाठ भरली आहे. पाऊस आत्ता पडत नाही, पण काल पडून गेला आहे, आणि सोलापूरच्या काळ्या मातीला तेवढा पुरतो. समोर ओढा आहे. ओढ्यापलीकडे वस्ती आहे आणि तिथल्या कुणाच्या तरी दारात हा मुरूम ओतायचा आहे.

तुम्ही काय कराल? सायकली जिथून जातात तिथूनच गाडी घालाल, कारण तिथं पाणी कमी दिसतं. पण पाणी कमी तिथं गाळ जास्त, हे चाक आखापर्यंत रुतल्यावर कळेल. म्हणून थोडं खालच्या अंगाला, जिथं पाण्याचा आवाज येतो तिथून उतरायचं. आवाज येतो म्हणजे तळाला दगड आहेत. उतरण्याआधी गाडीवरून उडी टाकायची आणि पहारीने चाकांची माती खरवडून काढायची, नाहीतर मुरमाइतकंच ओझं चाकांवर चढतं. मग पुढे जाऊन दोन्ही बैलांच्या मानेवरून एकदा हात फिरवायचा. काठी उगारायची नाही. मार बसला की बैल बिथरतो आणि एकेकटा ओढतो, आणि एकेकट्याने ही गाडी निघत नाही. पाण्यात शिरल्यावर थांबायचं नाही. पलीकडच्या चढाला मात्र थांबावंच लागतं. तेव्हा पळत मागे येऊन चाकाखाली दगड सरकवायचा. बैलांच्या नाकपुड्या शांत झाल्या की हाक द्यायची आणि चाक पुढे सरकलं की दगड उचलायचा.

वर पोचल्यावर गाडी रिकामी करायची आणि पुढच्या खेपेला निघायचं.

बडेसाब गाडीवान हे काम पावसाळाभर करत. त्यांच्या आधी त्यांचे वडील करत. वय पन्नाशीचं, अंगाने काटक, दाढी मेंदीने तांबूस झालेली. घरात दखनी उर्दू, बाहेर मराठी, आणि बैलांशी कानडी. बैल अक्कलकोटकडच्या कानडी शेतकऱ्याकडून घेतलेले. "त्यास्नी माझी भाषा शिकवण्यापरीस मीच त्यांची शिकलो," असं ते सांगत.

ज्या वस्तीत त्यांचा मुरूम जायचा आणि जिथं ते स्वतः राहायचे, तिला सगळे बेट म्हणत. कागदावर तिला नुसता सर्व्हे नंबर होता. शहराच्या दक्षिण कडेला दोन ओढे येऊन मिळतात, त्यांच्या बेचक्यातली ती जमीन. मागच्या बाजूला रेल्वेचा उंच भराव. उन्हाळ्यात ती साधी पडीक जमीन दिसायची. पावसाळ्यात तिन्ही बाजू बंद व्हायच्या. सुरुवातीला तिथं चार-दोन खोपटी होती. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर लांबलांबून माणसं आली, त्यातली काही परत गेलीच नाहीत. मग शहरातल्या भाड्याला कंटाळलेले विणकर आले आणि त्यांच्याबरोबर यंत्रमागांची खडखड आली. एका घरात तेलुगू, शेजारी कानडी, त्यापलीकडे दखनी. बघता बघता बेट भरलं. भरलं तसं महापालिकेच्या हद्दीत आलं, आणि हद्दीत आलं तशी पट्टी आली.

घराला घरपट्टी. सायकलीला दरसालचा बिल्ला. बैलगाडीला चाकपट्टी. चाकपट्टीमागचं तर्कशास्त्र सरळ आहे: ज्याच्या चाकाने रस्ता झिजतो त्याने झिजेचे पैसे द्यावेत. बडेसाबांना ते पटलेलं होतं. ते म्हणत, "झिजवतो तर देतो. पर बेटात झिजवायला रस्ता तर दाखवा की."

रस्ता नव्हता म्हणून बेटात एक रीत पडली होती. मृग लागायच्या आधी प्रत्येक घर आपापल्या दारापुढे एक गाडी मुरूम टाकून घ्यायचं. आपापल्या दारापुढे, दोन घरांच्या मधल्या जागेत कुणी टाकत नसे, कारण ती जागा कुणाची ते ठरलेलं नव्हतं. दरवर्षी दारं उंच होत गेली आणि मधली वाट खोल. मी पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून त्या भागातल्या रस्त्यांच्या कामावर शिकाऊ लागलो, तेव्हा पहिल्यांदा लेव्हल घेताना मला वाटलं की यंत्रच बिघडलं. ज्याला लोक रस्ता म्हणत होते तो सगळ्या घरांहून सखल होता. बेटातल्या लोकांनी कष्टाने, पदरचे पैसे घालून, आपल्या दारातून तिसरा ओढा काढला होता.

त्या मुरमावर बडेसाबांचं घर चालायचं. तरी रस्ता व्हावा असं बेटात सगळ्यांत जास्त कुणाला वाटत असेल तर त्यांनाच. ईरप्पा किराणावाला त्यांना छेडायचा.

"बडेभाई, रस्ता झाला की तुमचा मुरूम कोण घेणार? सोताच्या पायावर धोंडा पाडून घ्याया निघालाव व्हय?"

"मुरूम बसू दे. सूत आणीन, चादरीचे गठ्ठे नेईन, तुझ्या गुळाच्या ढेपा आणीन."

"माझ्या ढेपा ओढ्यात भिजवून आणताव. गिऱ्हाईक म्हणतंय, ईरप्पा, गूळ इकतो का काकवी?"

खरं कारण कोसा होता. कोसा म्हणजे त्यांच्या जोडीतला डावा बैल, राखी रंगाचा खिल्लार, सिद्धेश्वराच्या जत्रेत, गड्ड्याच्या बाजारात त्या अक्कलकोटकडच्या शेतकऱ्याकडून घेतलेला. उजवा मन्या, तो थोडा कामचुकार. ओढ्याच्या चढाला मन्या अर्धा दम राखून ठेवायचा आणि सगळा भार कोशावर यायचा. त्यामुळे दर पावसाळ्यात कोशाचा खांदा यायचा. जू बसतं तिथं आधी सूज, मग कातडं सोलून जखम. बडेसाब हळद-तेल लावत, जुवाखाली गोणपाटाची गादी बांधत, चार दिवस बैल मोकळा ठेवत. पण चार दिवस बैल मोकळा म्हणजे चार दिवस चूल सुगराबीच्या विड्यांवर. त्यांची बायको सुगराबी घरी बसून विड्या वळायची. तिची बोटं आणि जीभ, दोन्ही सारख्याच वेगाने चालत.

"खांदा बैलाचा आलाय, आनि बसलेत हे," ती म्हणायची.

जनावरांच्या डॉक्टरने सांगितलं होतं की याला सपाट वाटेवर चालवलंत तर अजून पुष्कळ वर्षं ओढेल. असल्या चढाला दोन पावसाळे काढणार नाही. दुसरा बैल घ्यायची ताकद बडेसाबांकडे नव्हती. कोसा गेला तर जोडी मोडली, जोडी मोडली तर गाडी उभी. म्हणून त्यांना रस्ता हवा होता.

शहात्तर सालच्या सुरुवातीला वॉर्डाच्या कचेरीतून रेवणप्पा कारकून बेटात आला. आणीबाणीचे दिवस होते. वसुलीचा जोर होता आणि कारकुनांवर साहेबांचा. रेवणप्पा ओढ्यातून चपला हातात धरून आला, ईरप्पाच्या दुकानाच्या कट्ट्यावर बसला आणि पाय पुसत म्हणाला, "तुमचं बेट म्हंजे माझ्या कपाळाला लागलेलं गोचीड हाय. सगळ्या वॉर्डात तुमचीच थकबाकी."

ईरप्पा म्हणाला, "रस्ता द्या, पट्टी घ्या."

"साहेब म्हणत्यात, वसुली न्हाय तितं रस्ता न्हाय."

"आनि आमी म्हणतो, रस्ता न्हाय तितं वसुली न्हाय. झालं की मग. बसा, च्या घ्या, पाय वाळवा आनि जावा."

कट्ट्याच्या टोकाला बडेसाब बसले होते. त्यांनी विचारलं, "रेवणप्पा, खरं सांग. समद्यांनी भरली तर यंदाच्या कामात बेट बसंल?"

रेवणप्पाने चपला पायात सरकवल्या. मग म्हणाला, "सांगता येत न्हाय. पर भरली न्हाय तर बसणार न्हाय, एवढं सांगतो."

कचेरीकडून इतकं सरळ उत्तर बडेसाबांना याआधी मिळालं नव्हतं. ते त्यांना पुरेसं वाटलं.

पुढचा महिना-दीड महिना ते खेप टाकून झाली की दारोदार फिरले. ज्यांच्या दारात त्यांचा मुरूम पडलेला, त्या प्रत्येक दारात उभे राहिले. सुगराबी वैतागली.

"अजी, तुमकू कायकू? सरकारनं पगारावर ठेवलंय का तुमाला?"

"कोसा बोला मेरेकू. बोला, चाचा, जाके सांग."

"कोसाच एक शहाणा हाय घरात. त्यालाच पाठवा मग."

लोकांनी लगेच ऐकलं असं नाही. कुणी म्हणालं, तुमाला कमिशन मिळतंय. कुणी दाराआडूनच घरात कुणी नाही म्हणून सांगितलं. यंत्रमागवाल्यांच्या ओळीत काशम्मा नावाची बाई होती, चार माग चालवणाऱ्या घराची कर्ती. तिने हिशेबी प्रश्न केला.

"भरली आनि रस्ता झाला न्हाय, तर?"

"तर मी हाय की हितं. कुटं पळून जातोय?"

"पळून कसं जाणार, ओढा हाय." ती हसली. "बघा हां चाचा. न्हाय झाला तर आमी समद्या बाया तुमच्याच गाडीत बसून कचेरीवर येणार."

"या. बैलास्नी वज्याची सवय हाय."

काशम्माने भरली. तिच्या मागोमाग ओळ भरली. ओळीचं बघून ईरप्पाने भरली, आणि भरल्यावर तो असा बोलू लागला की जणू ही कल्पना त्याचीच होती. मार्चअखेर रेवणप्पाच्या वॉर्डात बेटाची वसुली सगळ्यांत वर होती. पावसाळा तसाच गेला, पुन्हा चिखलात, पुन्हा कोशाचा खांदा आला. पण दसऱ्याच्या सुमाराला ओव्हरसियर साहेब टेप आणि नकाशा घेऊन बेटात आले. टेपचं दुसरं टोक माझ्या हातात होतं.

ईरप्पाच्या कट्ट्यापुढे बैठक झाली. बेटासाठी अमुक एक रक्कम मंजूर झाली होती, आणि ओव्हरसियर साहेबांनी प्रामाणिकपणे दोन वाटा सांगितल्या. एक खडीचा रस्ता: खाली दगडगोट्यांचा थर, वर खडी, मुरूम आणि पाणी मारून रोलरने दाबलेला. तो रुंद होईल. दुसरा, त्यावर डांबर. "डांबर महाग आहे," ते म्हणाले, "ते घ्यायचं तर याच रकमेत बाकी काटकसर करावी लागेल."

काटकसर कशात, हे कुणी विचारलं नाही. लग्नाच्या बैठकीत नवरा मुलगा बघून झाल्यावर मांडव केवढा ते कोण विचारतो?

ईरप्पा म्हणाला, "शहराला काळा आनि आमाला पांढरा का? पट्टी तर एकाच पावतीपुस्तकातली."

लोकांनी माना हलवल्या, पण अजून कुजबुज चालू होती. तेव्हा बडेसाब उठले. बैठकीत उभं राहून बोलायची त्यांना सवय नव्हती, म्हणून ते साहेबांकडे न बघता ईरप्पाच्या तराजूकडे बघून बोलले.

"खडीचा रस्ता मी पाह्यलाय. दोन पावसाळ्यांनी वरची माती धुऊन जाती आनि खडी उघडी पडती. आपल्या पायात चप्पल हाय. जनावराच्या खुराच्या बेचक्यात खडा शिरला तर ते कुणाला सांगत न्हाय, नुसतं लंगडतं. मी दुष्काळात खडीवर बैल घातलेत, मला ठावं हाय. करायचा तर काळाच करा. गुळगुळीत. जनावर बी दुवा देईल."

त्या दिवशी बेटात ज्याने सगळ्यांची पट्टी भरवली होती त्याचा शब्द मोठा होता. काशम्मा म्हणाली, "चाचा म्हणत्यात तसं." डांबर ठरलं.

या ठिकाणी मला थोडं तांत्रिक सांगितलं पाहिजे, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. बैलगाडीच्या लाकडी चाकाला बाहेरून लोखंडी पट्टा ठोकलेला असतो, त्याला धाव म्हणतात. धाव अरुंद असते आणि गाडीचं सगळं वजन तिच्यावर येतं. खडीच्या रस्त्याला तिचा त्रास नसतो. उलट खडी दाबली जाते. डांबराचं तसं नाही. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यात डांबर मऊ पडतं, आणि मऊ डांबरात धाव सुरीसारखी शिरते. म्हणून शहरातल्या डांबरी रस्त्यांच्या कडेला मुरमाची पट्टी सोडलेली असते आणि बैलगाड्या तिच्यावरून चालतात. बडेसाब जन्मभर त्याच पट्टीवरून गाडी हाकत आले होते. इतकी सवय, की ती पट्टी वेगळी करावी लागते, तिला वेगळे पैसे पडतात, हे त्यांच्या मनातही येण्याचं कारण नव्हतं. त्यांच्या लेखी रस्ता म्हणजे मध्ये काळं आणि कडेला आपण.

ओव्हरसियर साहेबांनी अंदाजपत्रक बसवलं. ओढ्यात पाणी जायला सिमेंटचे मोठे नळ घालून वर भराव करायचा होता आणि भरावाला जितकी रुंदी जास्त तितका खर्च जास्त. डांबराचे पैसे कुठून तरी निघायला हवे होते. ते रुंदीतून निघाले. नकाशात भरावाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत डांबर आलं, आणि लगेच बाहेर पांढरे दगड. कडेच्या मुरमाच्या पट्टीपुढे लिहिलं गेलं: पुढील वर्षीच्या तरतुदीतून. यात कुणी कुणाला फसवलं नाही. रक्कम तेवढीच होती आणि लोकांनी मागितलं तेच दिलं.

कामाला खडी आणि मुरूम बडेसाबांच्याही गाडीने आला. नळ बसले, भराव चढला. बडेसाब खेप ओतून झाली की कोशाला भरावाच्या सावलीला उभा करत आणि मला विचारत, "टेपवाले, चढ किती ऱ्हाईल?" मी हाताने तिरपं करून दाखवायचो. ते त्यांच्या हाताने आणखी कमी तिरपं करून विचारत, "एवढा?" मी हो म्हणायचो आणि ते कोशाला कानडीत काहीतरी सांगत.

सत्त्याहत्तरच्या एप्रिलमध्ये डांबर पडलं. नारळ फुटला, ईरप्पाने बत्तासे वाटले. बेटातली माणसं अनवाणी येऊन नव्या रस्त्यावर चालून गेली आणि पाय भाजले म्हणून हसली. बडेसाबांनी त्या दिवशी गाडी आणली नाही. बैल धुतले, शिंगांना हिंगूळ लावला, आणि काशम्माकडचे चादरींचे गठ्ठे दुसऱ्या दिवशी दुपारी न्यायचे ठरवले.

दुपारी. मऊ डांबराची वेळ नेमकी ती.

मी तेव्हा रस्त्याच्या शहराकडच्या टोकाला होतो. गाडी बेटातून चढून भरावावर आली. कोसा आणि मन्या मान सरळ ठेवून चालत होते, जू हलत नव्हतं. बडेसाब गाडीवर बसलेले होते. ओढ्याच्या त्या जागी मी त्यांना गाडीवर बसलेलं पहिल्यांदाच पाहिलं. मागे, डांबरावर, दोन रेघा येत होत्या, बोट बुडेल एवढ्या.

ओव्हरसियर साहेब स्कूटरवरून उतरून धावत गेले. "थांबवा! थांबवा! अहो, खाली घ्या गाडी!"

बडेसाबांनी कासरा ओढला. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. "खाली कुटं साहेब? खाली तर ओढा हाय."

"मग मागे घ्या."

"भरल्या गाडीनं बैल मागं सरत न्हाईत."

"मग फिरवा."

"एवढ्यात फिरंल का? तुमीच बघा."

साहेबांनी बघितलं. भराव अरुंद होता. पुढे जा म्हणावं तर पुढचा रस्ता कापला जाणार, थांबा म्हणावं तर उभ्या चाकाखाली खड्डा पडत होता. आणि खरोखरच पडत होता. ते बोलत होते तेवढ्यात धाव आणखी खाली गेली. सायकलवाले मागे अडकले. कुणीतरी घंटी वाजवली. शेवटी साहेब बाजूला होऊन पांढऱ्या दगडाला टेकले आणि दुसरीकडे तोंड करून म्हणाले, "जा. जा आता एकदाचे."

गाडी त्या टोकापर्यंत रेघा ओढत गेली. उतरल्यावर बडेसाब चालत परत आले. वाकून त्यांनी रेघेत बोट घातलं.

"साहेब, कडंची पट्टी कुटं हाय?"

"पुढच्या वर्षी आहे. तरतूद झाली तर. तुम्हीच डांबर मागितलंत ना त्या दिवशी?"

"व्हय. मीच."

"रबरी टायरची गाडी करून घ्या. आता सगळीकडे तेच होणार आहे. लोखंड चालणार नाही यावर."

बडेसाब म्हणाले, "बैलांच्या खुरास्नी बी लोखंडाच्या पत्र्या ठोकलेल्या हायत. त्या चालत्यात, का काढू?"

हे ते टोमणा म्हणून बोलले नव्हते. ओव्हरसियर साहेबांनी स्कूटरला किक मारली. आठवडाभरात दोन्ही टोकांना पाटी लागली: लोखंडी धावेच्या गाड्यांना मनाई.

पाटी चुकीची नव्हती. मी साहेबांच्या जागी असतो तरी तीच लावली असती. लावली नसती तर पहिल्या पावसात त्या रेघांतून पाणी शिरून रस्ता उखडला असता आणि बेटाचे पट्टीचे पैसे पाण्यात गेले असते. हेही बडेसाबांना कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. "रस्ता समद्यांचा हाय," ते म्हणाले, "माझ्या दोन चाकासाठी कसा फोडायचा?"

टायरच्या गाडीची त्यांनी चौकशी केली. जुनी गाडी विकून भर घालावी लागत होती, आणि आता लाकडी गाडी कुणी घेत नव्हतं. ईरप्पा म्हणाला, "ब्यांकेत चला, मी सही करतो." बडेसाबांनी बघू म्हटलं. ते बघणं पुढे कुठे गेलं नाही. तोवर यंत्रमागवाल्यांच्या ओळीत टेम्पो येऊ लागला होता. काशम्माने जमेल तितके दिवस गठ्ठे त्यांच्यासाठी ठेवले, मग तिचा माल घेणाऱ्या व्यापाऱ्याला घाई होऊ लागली. मुरूम आता कुणी मागवत नव्हतं. बेटाबाहेरची कामं मात्र होती: बांधकामांना वाळू, वीटभट्टीची राख. त्यासाठी रोज बेटातून बाहेर पडणं आणि परत येणं भाग होतं.

वरून मनाई होती, म्हणून ते खालून जाऊ लागले.

पण खालचा ओढाही पहिल्यासारखा राहिला नव्हता. आधी पाणी पसरून वाहायचं. आता ते नळांतून एकवटून जोराने बाहेर पडत होतं आणि नेमकी उताराची जागा खणत होतं. तळाचे दगड पहिल्याच पावसात वाहून गेले. वरून सायकली, टेम्पो, शाळेची पोरं जायची. खाली बडेसाब चाकाला खांदा लावून उभे असायचे. लोक कडेच्या पांढऱ्या दगडांवरून वाकून विचारायचे, "येऊ का चाचा हात लावायला?" काही खरंच उतरून यायचे. सुगराबी एकदा वरून ओरडली, "अजी, पट्टी भरवली तुमी, आनि रस्ता मिळाला टेम्पोला! आता मेंबर म्हणून उभं ऱ्हावा इलेक्शनला!" वर जमलेले सगळे हसले. खालून बडेसाबही हसले, मग पुन्हा चाकाला लागले.

भाद्रपदात कोशाचा खांदा असा आला की जखम भरेना. डॉक्टरने जू लावायचं नाही असं सांगितलं. बडेसाबांनी तो विकला नाही. विकला असता तर कुठे गेला असता हे त्यांना माहीत होतं. दाराशी बांधून ठेवला. मन्याला एका वीटभट्टीवाल्याच्या जोडीत भाड्याने दिला आणि स्वतः त्याच भट्टीवर कामाला जाऊ लागले. जाताना ते नव्या रस्त्याने पायी जात. गाडी घराशेजारी उभी राहिली, जुवाचं टोक जमिनीला टेकवून. ईरप्पाच्या शेजारची पोरं तिच्यावर चढून खेळायची.

पुढच्या वर्षीच्या तरतुदीत कडेची पट्टी आली नाही. त्या वर्षी दुसऱ्या वॉर्डातल्या वस्त्यांचा नंबर होता. त्यांनीही पट्टी भरली होती.

मार्चमध्ये रेवणप्पा आला. या वेळी सायकलवरून, पाय कोरडे. घरपट्टी घेतली, पावती दिली, आणि अवघडून दुसरी पावती काढली.

"बडेसाब, चाकपट्टी."

"गाडी उभी हाय की रे रेवणप्पा."

"मोडीत काढली न्हाय ना? चाकं हायत, जू हाय. कागदावर गाडी चालू हाय. बंद करायची तर अर्ज द्या, म्हंजे नाव कमी करतो."

नाव कमी करायचं हे ऐकून बडेसाबांनी गाडीकडे पाहिलं, मग दाराशी रवंथ करणाऱ्या कोशाकडे. "नाव नको कमी करू. बैल बरा झाला तर परत जुपीन."

"जुपून नेणार कुटनं?"

"ओढ्यातनं. दुसरं काय."

सुगराबीने आतून पैसे आणून एकेक मोजून दिले. तिचं मोजणं पाहून रेवणप्पा आणखीच अवघडला. त्याने पावती फाडली. बडेसाबांनी ती घेतली, उलटीपालटी केली. त्यांना वाचता येत नव्हतं. मग त्यांनी रेवणप्पाला एक प्रश्न विचारला. रेवणप्पाने विचारून सांगतो म्हटलं आणि अजून सांगितलेलं नाही. तोच प्रश्न मलाही विचारून झाला आहे. कचेरीतलं कुणीही बेटात आलं की भट्टीवरून परत येताना बडेसाब त्याला गाठतात आणि अगदी शांतपणे तेच विचारतात:

"ही पट्टी वरच्या रस्त्याची, का खालच्या ओढ्याची? वरची म्हणावी तर माझी गाडी वर चालत न्हाय. ओढ्याची म्हणावी, तर ओढा कुणी बांधलाय?"